दिवाळीचा पिच्चर : गावातलं टॉकीज की संभाजीनगरचं मल्टिप्लेक्स?

भाच्याचा फोन यंदाही पितृपक्षातच आला. नोकरीला पुण्यात, दिवाळीला चार दिवस इकडं, आणि त्या चारातला एक दिवस पिच्चरचा, हे त्याचं कॉलेजपासून ठरलेलं आहे. "मामा, रामायण कुठं बघायचं ते आत्ताच ठरवा. आपल्या टाकीजला की संभाजीनगरला? ऐनवेळी तुमचं काहीच धड नसतं." मी म्हटलं, कळवतो. कळवायला तीन आठवडे लागले.

पितृपक्ष हा तसा पिच्चरच्या गप्पांचा खरा हंगाम. मोठे निर्माते त्या पंधरवड्यात नवीन काही लावायचं शक्यतो टाळतात, त्यामुळं बघायला काही नसतं आणि बोलायला भरपूर असतं. यंदा अधिक महिना आल्यानं दिवाळी थेट नोव्हेंबरात सरकली, म्हणजे गप्पांना आणखी मुदत मिळाली. नितेश तिवारींच्या 'रामायण'चा पहिला भाग दिवाळी २०२६ ला येणार हे निर्मात्यांनी २०२४ च्या नोव्हेंबरातच जाहीर करून ठेवलंय. दोन वर्षं आधी! तारखा पुढं-मागं होतात हे धरूनच चालायचं, पण आमच्या घरात आईनं ती तारीख पक्की केली आहे. पिच्चर पुढं गेला तरी आई त्या तारखेवरून हलणार नाही.

पडदा किती फुटी, खुर्ची किती मागं जाते, हे सांगण्यात मी वेळ घालवत नाही. ते तुम्हाला माहीत असतं. माझं गाव जालना जिल्ह्यातलं, तालुक्याचं. एकच टॉकीज, एकच पडदा, वर बाल्कनी. संभाजीनगर गाडीनं दीड तास, बदनापूर आणि करमाडवरून. गेल्या दहा-बारा दिवाळ्यांत निम्मे पिच्चर इथं बघितले, निम्मे तिथं, आणि दोन्हीकडं मनापासून पैसे घातले. माझं खत-बियाण्यांचं दुकान टॉकीजच्याच रस्त्याला आहे आणि टॉकीजचे शेठ माझ्याकडूनच खत नेतात, हेही सांगून टाकतो. उधारी वेळेवर देतात, त्यामुळं राग नाही आणि मिंधेपणाही नाही.

पूर्वी हा प्रश्नच नव्हता. रिळांच्या पेट्या होत्या तेव्हा दिवाळीचा पिच्चर आमच्याकडं संक्रांतीला यायचा, कधी महाशिवरात्रीला. तोवर त्याच्या अंगावर इतके ओरखडे असायचे की प्रत्येक पिच्चरमध्ये पाऊस पडायचा. एखादं गाणं वाटेतच कुणीतरी कापून घेतलेलं. ज्याला दिवाळीचा पिच्चर दिवाळीत बघायचा त्यानं एस.टी. धरायची. आता पिच्चर उपग्रहावरून उतरतो नाहीतर हार्ड डिस्कवर येतो, तो उघडायची किल्ली ऑनलाइन येते, आणि मुंबईत शुक्रवारी लागलेला पिच्चर आमच्याकडंही शुक्रवारीच लागतो. तेव्हा 'लवकर बघायचाय' म्हणून शहरात जायचं कारण संपलं. तरी काही मंडळी अजून त्याच कारणानं जातात. सवय, दुसरं काय.

(जाता जाता एक गंमत. सिनेमाच्या धंद्यात देशाचे जे वितरणाचे भाग पाडलेत, त्यांत मराठवाडा मुंबईच्या भागात येत नाही, 'निजाम' नावाच्या भागात येतो. १७ सप्टेंबर १९४८ ला निजामाचं राज्य गेलं. दर सतरा सप्टेंबरला आम्ही झेंडावंदन करतो, आणि पिच्चरवाल्यांच्या वहीत अजून निजामाचीच रयत आहोत.)

किल्लीचा घोळ मात्र होतो. एका पाडव्याला ती आलीच नाही. बाराचा शो पावणेदोनला सुरू झाला. टॉकीज भरलेलं, बाहेर ऊन, ऑपरेटर खिडकीतून सारखा डोकं काढून "येऊ लागली, येऊ लागली" म्हणतोय. कोणी उठलं नाही. लोकांनी आरडाओरडा करून पुढच्या पिच्चरचं ट्रेलर लावायला लावलं, आणि तेच ट्रेलर आम्ही चार वेळा बघितलं. चौथ्या वेळेला अख्ख्या स्टॉलला संवाद पाठ झाले होते आणि सगळे हिरोच्या आधी म्हणत होते. मल्टिप्लेक्समध्ये असं होत नाही. झालं तर पैसे परत मिळतात. इथं पैसे मागायचं कुणाला सुचलंच नाही.

मल्टिप्लेक्सचा हुकमाचा पत्ता म्हणजे निवड. एका पडद्याचं टॉकीज दिवाळीत एकच पिच्चर लावणार, आणि तो शेठ ठरवणार. १२ नोव्हेंबर २०१५ ला, ऐन दिवाळीत, 'प्रेम रतन धन पायो' आणि 'कट्यार काळजात घुसली' एकाच दिवशी लागले. आमच्या शेठनी कोणता घेतला हे सांगायला नको. 'कट्यार' बघायला मी संभाजीनगरला गेलो, आणि प्रामाणिकपणे सांगतो, बरं झालं गेलो. शंकर महादेवन आणि राहुल देशपांडे यांचे आवाज ज्या स्वच्छपणे तिथं कानावर पडले, ते आमच्या टॉकीजला जमलं नसतं. आमच्या उजव्या हाताच्या स्पीकरला खालच्या सुरांवर फरफर आहे. मी शाळेत असल्यापासून आहे. मधे सगळी यंत्रणा बदलली, स्पीकर बदलले, फरफर तशीच आहे. ती कुठून येते ते शेठनाही माहीत नाही.

मग १ नोव्हेंबर २०२४. 'सिंघम अगेन' आणि 'भूलभुलैया ३' एकाच दिवशी, आणि कुणाला किती शो यावरून वर मोठी ओढाताण. आमच्या गावात अर्धा तालुका पोलिसांच्या बाजूनं, अर्धा भुतांच्या. घरातही तेच. शेवटी सगळे संभाजीनगरला गेलो, मोठ्यांनी एका पडद्यावर पोलीस बघितले, पोरांनी दुसऱ्यावर भूत. दोघंही खूश. बाहेर जेवायला बसलो तेव्हा कळलं की बोलायला काहीच नाही. त्यांनी आम्हाला त्यांची गोष्ट सांगितली, आम्ही त्यांना आमची. परीक्षेला वेगवेगळे पेपर लिहून आलेल्या पोरांसारखं. तेव्हा मला यात खटकण्यासारखं काही वाटलं नव्हतं.

चित्राबद्दल थोडक्यात. टॉकीजच्या प्रोजेक्टरचा दिवा जुना झाला की रात्रीचा प्रसंग म्हणजे नुसता आवाज. कोण कुणाला मारतंय हे उजाडल्यावर कळतं. दिवाळीच्या आधी शेठ दिवा बदलतात, हे मी स्वतः विचारून घेतो, आणि तुम्हीही विचारा. नव्या दिव्यावरचा पहिला आठवडा बरा असतो. मल्टिप्लेक्सच्या तोडीचा म्हणणार नाही, पण आईला मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरही फरक कळला नाही, आणि मलाही थोडा प्रयत्न केला तरच कळतो.

पैशाचं गणित तर एका ओळीचं आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून शंभर रुपयांपर्यंतच्या तिकिटावर जीएसटी ५ टक्के आणि त्याच्यावर गेलं की १८ टक्के, म्हणून शेठनी बाल्कनी बरोबर शंभरावर धरून ठेवली आहे. खाली ऐंशी. आमच्या पाच माणसांचं, समोसे आणि खारे दाणे धरून, सातशेत भागतं. संभाजीनगरची मागची खेप तिकिटं, ऑनलाइनचा वरचा आकार, पॉपकॉर्न, पेट्रोल, टोल आणि परतीचं जेवण मिळून चार हजारांच्या थोडी वर गेली. २० सप्टेंबर २०२४ ला सिनेमा दिनाला मल्टिप्लेक्सच्या मोठ्या साखळ्यांनी ९९ रुपयांत तिकीट दिलं होतं तेव्हा आम्ही हुशारी करून गेलो होतो. तिकिटात वाचवलेले पैसे बायकोनं त्याच मॉलमध्ये एका तासात मार्गी लावले.

आणि हे सगळं सोयाबीनवर असतं. आमच्याकडं दसऱ्याला रास होते, माल मोंढ्यात जातो, पैसा सुटतो, तेव्हा दिवाळीला बाल्कनी भरते. २०२५ च्या सप्टेंबरात पाण्यानं उभं पीक नेलं, तर त्या दिवाळीत मी टॉकीजला गेलो तेव्हा निम्म्या खुर्च्या रिकाम्या होत्या आणि माझ्या दुकानात उधारीची वही भरली होती. ज्यांचं रान पाण्याखाली होतं त्यांनी पोरांना स्टॉलची तिकिटं काढून दिली आणि स्वतः बाहेर पानटपरीवर थांबले. चार हजारांचा प्रश्न त्यांच्यासाठी नाहीच. तेव्हा हा लेख ज्यांच्याकडं गाडी आहे आणि ज्यांचं मन दोन्हीकडं ओढतंय त्यांच्यासाठीच आहे, हे आधीच कबूल करतो.

आता टॉकीजची जी बाजू मला सावरता येत नाही ती सांगतो. ती बायकोची आहे. "तुम्ही टाकीजचं कौतुक करता, तुमचं बरोबर आहे. तुम्हाला इंटरवलला भिंतीआड जाता येतं. आम्ही बायकांनी तीन तास काय करायचं?" यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं आणि नाही. आमच्याकडच्या बायका पिच्चरला निघायच्या आधी दोन तास पाणी पीत नाहीत. माझी आईसुद्धा, साखरेची पेशंट असून. गेल्या वर्षी शेठनी बायकांच्या बाजूला नवी फरशी बसवली, नळ बसवला, आरसासुद्धा लावला. दाराला आतून कडी नाही. एकीनं जायचं आणि दुसरीनं दार धरून उभं राहायचं. आरसा बसवणाऱ्या माणसाला कडी का सुचली नाही, हे मला आजवर कळलेलं नाही. एवढ्या एका मुद्द्यावर कुणी मल्टिप्लेक्सला गेलं तर मी त्यांना थांबवणार नाही.

तर निवड तिकडची चांगली, आवाज तिकडचा, चित्र तिकडचं, सोय तिकडची. इकडं नुसती स्वस्ताई. मग माझं मन इकडं का झुकतं? एका दारामुळं.

आमच्या टॉकीजला आत जायचं आणि बाहेर यायचं अंगण एकच आहे. दारं दोन आहेत, पण दोन्ही त्याच अंगणात उघडतात, आणि मधे लोखंडी पाइपांची रांग. त्यामुळं बाराचा शो सुटतो तेव्हा तीनच्या शोची माणसं त्या पाइपांत उभी असतात. सुटलेली माणसं त्यांच्या नाकासमोरून, हातभर अंतरावरून जातात. डोळे किलकिले करत, रुमाल काढत, चप्पल शोधत. आणि रांगेतून एकच प्रश्न येतो : "कसाय?"

या एका शब्दाला जी उत्तरं मिळतात ती मी वर्षानुवर्षं ऐकत आलोय. "पैसे वसूल." "इंटरवलपर्यंत बरा." "गाणे चांगलेत." "झोप चांगली लागते." एकदा एका म्हाताऱ्या बाबांनी काही न बोलता उपरण्यानं डोळे पुसले आणि निघून गेले, त्यांच्या मागची सगळी रांग गप्प झाली, आणि पाठीमागच्या बायका खिडकीकडं सरकल्या. एवढीच जाहिरात. तो मराठी पिच्चर होता, एका आठवड्यासाठी, तोही मॅटिनीला आणला होता. चार आठवडे चालला.

आणि उलटंही होतं. ८ नोव्हेंबर २०१८, पाडवा. 'ठग्स ऑफ हिंदोस्तान' लागलेला. देशभरात त्या दिवशी त्यानं पन्नास कोटींच्या आसपास धंदा केला आणि दुसऱ्या दिवसापासून जो घसरला तो सावरलाच नाही, हे सगळ्यांनी नंतर वाचलं. आम्ही ते त्याच दिवशी, तीन वाजायला दहा मिनिटं असताना, डोळ्यांनी बघितलं. मी तीनच्या रांगेत होतो. बाराचा शो सुटला. एरवी दिवाळीचा शो सुटतो तेव्हा आतून आवाज आधी येतो आणि माणसं मागून. त्या दिवशी माणसं आधी आली आणि आवाज आलाच नाही. रांगेतल्या एका पोरानं विचारलं, "कसाय भाऊ?" समोरच्यानं नुसता हात वर केला, पंजा उघडा, आणि दोनदा हलवला. नाही म्हणायला हलवतात तसा नव्हे. वरातीतल्या घोड्याला मागं सारायला हलवतात, तसा. रांगेच्या शेपटाची तीस-चाळीस माणसं तिथल्या तिथं फुटली. कोणी चहाला गेलं, कोणी घरी. खिडकीवरचा माणूस ओरडत होता, "अरे बघा तरी! स्वतः बघा!" माझ्याकडं तिकीट आधीच काढलेलं होतं, मी गेलो. तो पंजा खरा होता.

आता मल्टिप्लेक्स. तिथं आत जाताना लाल गालिचा, दिवे, पोस्टरं, पॉपकॉर्नचा वास. पिच्चर संपला की पडद्याच्या बाजूचं दुसरंच दार उघडतं. दाराशी काळी पिशवी आणि झाडू घेतलेली दोन पोरं उभी, पुढचा शो वीस मिनिटांवर. त्या दारातून बाहेर पडलं की एक अरुंद बोळ, रंग न दिलेल्या भिंती, फिनेलचा वास. मग लोखंडी जिना. मग आणखी एक दार, ते ढकललं की आपण थेट गाड्यांच्या तळात. ज्या लोकांबरोबर तीन तास हसलो-रडलो ते सगळे किल्ल्यांची बटणं दाबत आपापली गाडी शोधतायत. पुढच्या शोची माणसं कुठं असतात? वर, गालिच्यावर. ती आपल्याला दिसत नाहीत, आपण त्यांना दिसत नाही.

मला हे कित्येक वर्षं खटकलं नव्हतं. खटकवलं ते आईनं. एक कौटुंबिक पिच्चर होता, दिवाळीनंतरचा, नाव राहू द्या. आईला आवडला होता, शेवटी पदर डोळ्याला लावला होता. त्या बोळातून, त्या जिन्यावरून, कठड्याला धरून ती उतरली, गाड्यांच्या मधे उभी राहिली, इकडं बघितलं, तिकडं बघितलं आणि म्हणाली, "आरं, पण कुणाला विचारायचं? आपल्यालाच आवडला का सगळ्यांना?"

मी म्हटलं, "आई, मला आवडला ना."

"तुला काय," ती म्हणाली, "तुला सगळंच आवडतं."

करमाड यायच्या आत पोरं झोपली. बदनापूरला बायको. आई जागी होती, पण समोरच्या दिव्यांकडं बघत होती आणि काही बोलत नव्हती. इतर वेळी टॉकीजहून घरी यायला आम्हाला पायी दहा मिनिटं लागतात आणि त्याला पाऊण तास लागतो, कारण ती वाटेत चार ठिकाणी थांबते. दळणवाल्याकडं, मारुतीच्या पारावर, शेजारच्या ओट्यावर. प्रत्येक ठिकाणी गोष्ट थोडी बदलते. घरी येईपर्यंत खलनायकाला पिच्चरपेक्षा कडक शिक्षा झालेली असते. त्या रात्री गाडी दारात थांबली, ती उतरली, पाय धुतले आणि झोपली. तीन तासांचा पिच्चर तिच्यापाशी तसाच राहिला, न वापरता. मला फार वाईट वाटलं, आणि चार हजार गेल्याचं नव्हे.

तुम्ही म्हणाल, ही आवडीनिवडीची गोष्ट झाली. झाली खरी. ज्याला पिच्चर एकट्यानं बघून एकट्यानं मनात ठेवायचा असतो त्याला तो बोळ बरा वाटत असेल. माझा एक मित्र, बँकेत आहे, तो तर म्हणतो की बाहेर पडल्यावर पहिली दहा मिनिटं कुणी बोललं नाही पाहिजे. त्याचंही बरोबर असेल. अशा माणसांनी संभाजीनगरला जावं, चांगल्या आवाजात बघावं, शांतपणे गाडी काढावी. आणि गप्पा तर काय आता फोनवरही होतात. आमच्या गल्लीच्या ग्रुपवर पहिला शो सुटायच्या आत पाच तारे, दोन तारे येऊन पडतात. पण ते तारे टाकणाऱ्याचा चेहरा दिसत नाही, आणि निम्म्यांनी पिच्चर बघितलेलाच नसतो. अंगणातला माणूस आत्ता तीन तास आत बसून आलेला असतो, त्याच्या सदऱ्याला घाम असतो. त्याला खोटं बोलायचं काही कारण नसतं.

घरी थांबायचा पर्याय काहीजण सुचवतात म्हणून तोही एका ओळीत संपवतो. मोठ्या साखळ्या हिंदी पिच्चरसाठी आठ आठवड्यांचं अंतर मागतात, म्हणजे दिवाळीचा पिच्चर मोबाइलवर यायला जानेवारी उजाडणार. तेव्हा हरभरा घाट्यावर आलेला असतो, भाचा पुण्यात असतो, आणि त्या पिच्चरवर बोलायची कुणाला इच्छा राहिलेली नसते.

आता खास रामायणाचं. इथं मीही थोडा डळमळलो. एवढा मोठा खर्चाचा पिच्चर, समुद्र, सेतू, लंका. हे फरफरणाऱ्या स्पीकरवर बघायचं का? भाचा तर म्हणाला, "मामा, हे तरी मोठ्या पडद्यावर बघू." (आमचा पडदाही लहान नाही बरं का. जुन्या टॉकीजचा आहे. त्याच्या कोपऱ्याला एक ठिगळ आहे, ते आकाश दाखवलं तरच दिसतं.) पण हा पिच्चर आईसाठी आहे. १९८७ साली दूरदर्शनवर रामायण लागायचं तेव्हा आमच्या वाड्यात एकच टीव्ही होता आणि रविवारी सकाळी चाळीस माणसं त्याच्यापुढं बसायची. टीव्हीला हार घातलेला असायचा. संपलं की अंगणात तासभर चर्चा, कैकेयीला काय म्हणावं यावर भांडणं. त्याच्याही आधी, १९७५ ला 'जय संतोषी माँ' आला तेव्हा लोक टॉकीजच्या दाराशी चपला काढून आत जायचे. आमच्याकडं तो बराच उशिरा, जत्रेतल्या तंबूत आला. आई सांगते की तिची चप्पल तेव्हाच गेली, आणि ती अनवाणी घरी आली तरी तिला त्याचं काही वाटलं नाही. अशा माणसाला रामायण दाखवून गाड्यांच्या तळात सोडायचं, हे माझ्याच्यानं होणार नाही.

तरी बायकोचा मुद्दा उरतोच. म्हणून गेल्या आठवड्यात शेठ खताची उधारी द्यायला आले तेव्हा मी पैसे मोजून घेतले आणि म्हटलं, "शेठ, दिवाळीला घरच्यांना घेऊन येणार आहे. दाराला कडी बसवा."

"कोणत्या दाराला?"

"ज्याला आरसा लावलात त्या खोलीच्या."

शेठ जरा वेळ माझ्याकडं बघत राहिले. "काहून, कुणी बोललं का?"

"सगळ्या बोलतात. तुमच्यापाशी बोलत नाहीत."

परवा त्यांचा पोऱ्या आमच्या शेजारच्या हार्डवेअरमधून पितळी कडी घेऊन जाताना दिसला. मी बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "बसली की सांगा. आणि आतून लागते का तेही बघून या." आता मी बायकांच्या बाजूला जाऊन कडी कशी बघणार? ते काम मी आईवर सोपवलं आहे. ती देवळातून येताना वाकडी वाट करून बघून येणार आहे.

भाच्याला काल रात्री कळवलं. म्हटलं, टॉकीजलाच. तो थोडा हिरमुसला. म्हटलं, दुसऱ्यांदा बघावासा वाटला तर पुण्यात बघ, तिकडं पडद्यांना तोटा नाही. इथं भाऊबीजेला, तुझी आई येईल तेव्हा, सगळ्यांची मिळून बाल्कनीची सात काढतो.

"बाराचा काढा मग, मामा. पहिला शो."

"बाराचा नाही," मी म्हटलं. "तीनचा. बाराचे सुटतील त्यांना आजी विचारेल, आणि आपण सुटू तेव्हा सहाचे तिला विचारतील."